अठरा मुली

परवा नातवाची शाळेची सहल गेली होती. तो पुण्याला असतो. दिवसभर सूनबाईच्या मोबाईलवर फोटो येत होते आणि ती ते मला इकडे जळगावला पाठवत होती. मुलं बसमध्ये चढली, मुलं उतरली, मुलं पोळीभाजी खातायत. प्रत्येकाच्या मनगटात पिवळी पट्टी, तिच्यावर नाव, शाळा आणि फोन नंबर. दर फोटोखाली बाईंनी न चुकता लिहिलेलं, "सर्व ३८ मुले उपस्थित." ते "सर्व ३८" वाचून माझ्या पोटात काहीतरी हललं. सूनबाईला सांगितलं नाही. इथे सांगते.

गोष्ट डिसेंबर १९८७ ची. तेव्हा मी जळगाव-धुळे रस्त्यावरच्या, पारोळ्याच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, माझ्या ओळखीच्यांना ते माहीतच आहे. त्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी डोक्यात घेतलं की मुलांना मुंबईला न्यायचं. तोवर आमच्या सहली म्हणजे अजिंठा, पद्मालय, फार तर नाशिक-त्र्यंबक. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची मोठी इमारत दोन वर्षांपूर्वी, १९८५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती. सर म्हणायचे, तिथे वस्तूंना हात लावायचा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, उलट हात लावा म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेचं कपाट कुलपात असे आणि किल्ली हेडसरांकडे, त्यामुळे पोरांना ते खरंच वाटेना. दुपारनंतर मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहायचं ठरलं. ते जुनं, १९५१ चं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. मुलांना खरी ओढ त्याचीच होती. आमच्याकडे मासे पाहायचे म्हणजे बाजाराच्या दिवशी टोपलीतले, मेलेले. जिवंत मासा काचेतून आपल्याकडे बघतो ही कल्पनाच पोरांना भारी वाटत होती.

माणशी ८५ रुपये वर्गणी. आठवी-नववीचे तेवीस मुलगे आणि अठरा मुली. हा अठरा आकडा लक्षात ठेवा. मुली जाणार म्हटल्यावर बाई हवी, आणि शाळेत बाई मी एकटीच. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. त्याला धुळ्याला आईकडे सोडलं. हे म्हणाले, "जाऊन ये, तूही कुठे मुंबई पाहिलीयस."

रात्री आठला शाळेसमोरून एसटी निघाली. एका पालकांनी केळीचे दोन अख्खे घड गाडीत चढवले होते. ते दोन सीटच्या मधल्या वाटेत ठेवलेले, येणारा-जाणारा त्यांना अडखळायचा. प्रत्येकीच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मालेगाव गेलं तरी गाणी चालू होती, नाशिकनंतर सगळी आडवी झाली. कसारा घाटात तिघींना उलट्या झाल्या, त्यांचं तोंड धुऊन देण्यात माझी रात्र गेली. त्यांतली एक आठवीतली मुलगी. तिला इथे मंदा म्हणते. हडकुळी, दोन घट्ट वेण्या, वर्गात मागच्या बाकावर. उलटी झाल्यावर जरा बरं वाटलं तसं तिनं विचारलं, "बाई, समुद्रना मासा केवढा ऱ्हास?" मी म्हटलं, "उद्या बघशील की." रात्रभरात तिनं हे तीन वेळा विचारलं असेल.

सकाळी दादरला एका धर्मशाळेत अंघोळी उरकून साडेदहाला विज्ञान केंद्रात पोचलो. बाहेर बागेत वाफेचं इंजिन, ट्राम, विमान ठेवलेलं. धुळे-चाळीसगाव लाइनवर कोळशाची इंजिनं बघतच मी मोठी झाले, त्यामुळे इंजिन संग्रहालयात का ठेवलंय हे मला कळेना. पोरं मात्र त्यावर तुटून पडली. आत गेल्यावर तर कोण कुठे गेलं पत्ताच नाही. बटण दाबलं की चाक फिरतं, हँडल फिरवलं की दिवा लागतो. सरांनी वर्गात खडूने काढलेल्या आकृत्या इथे उभ्या राहून हलत होत्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक. आमच्या वेळी बऱ्याच मुली सोपं गणित घ्यायच्या आणि शास्त्राच्या वाटेला जायच्या नाहीत. घरच्यांनीच तसं ठरवलेलं असायचं. पुढे धुळ्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलं. तेव्हा आमचं विद्यापीठ पुणे, जळगावचं विद्यापीठ १९९० चं. मला मराठी आवडायचंच, तक्रार नाही. पण प्रकाश, ध्वनी, वीज हे सगळं माझ्यासाठी दुसऱ्या घरातल्या माणसांसारखं होतं. नावं माहीत, येणं-जाणं नाही.

तिथे एका अंधाऱ्या खोलीत पांढरी भिंत होती आणि समोर तीन दिवे, लाल, हिरवा, निळा. तिन्ही एकदम भिंतीवर पडले की भिंत पांढरीच दिसते. मध्ये आपण उभं राहिलं की भिंतीवर आपल्या तीन सावल्या पडतात आणि त्या काळ्या नसतात! एक आकाशी, एक गुलाबी, एक पिवळी. मी हात हलवला, तिन्ही सावल्यांनी हात हलवला. सावली काळी असते हे मी पस्तीस वर्षं गृहीत धरलं होतं. विज्ञानाचे सर शेजारून म्हणाले, "बाई, लाल दिवा तुम्ही अडवला त्या जागी हिरवा आणि निळाच पोचतो, म्हणून आकाशी. निळा अडवला तिथे लाल आणि हिरवा मिळून पिवळा." लाल आणि हिरवा मिळून पिवळा? आमच्या चित्रकलेच्या सरांनी ऐकलं असतं तर भांडले असते. रंग कालवणं वेगळं आणि प्रकाश मिसळणं वेगळं, असं काहीसं सर सांगत होते, पण मुलांनी त्यांना ओढून नेलं.

दीडला बागेत बसून दशम्या खाल्ल्या. दोनला गाडी निघणार होती. मुलींना म्हटलं, "सगळ्या मिळून फाटकाशी चला, मी आलेच." आणि मी परत आत गेले. त्या सावल्या मला एकदा, कोणी सोबत नसताना, पाहायच्या होत्या.

किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. पाच मिनिटं वाटली, पंधरा-वीस गेली असतील. घड्याळ पाहिलं आणि पळतच सुटले. गाडी चालू, ड्रायव्हर चिडलेला, दोन्ही सर खाली उभे. पी.टी.चे सर हसून म्हणाले, "बाई, आम्ही पोरं शोधतोय म्हणेपर्यंत तुम्हीच हरवल्या की!" सगळी गाडी हसली. मी लाजून वर चढले. सरांनी विचारलं, "मुली पूर्ण?"

मी म्हटलं, "पूर्ण."

मोजल्या नव्हत्या. आधीच माझ्यामुळे उशीर, त्यात आता उभं राहून मुली मोजत बसायची मला लाज वाटली. इतकंच कारण. दुसरं काही शोधून सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय.

मत्स्यालयाच्या दारात तिकिटं काढताना सरांनी मोजणी केली. मुलगे तेवीस. मुली सतरा.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मग मी. सतराच. कोण नाही हे समजायला आणखी दोन मिनिटं गेली, कारण मंदा तशी लक्षात न येणारीच मुलगी होती. हेही लिहायला हवंच. पी.टी.चे सर निघणार होते, पण मुलीचा मामला म्हणून मीच म्हटलं, मी जाते. पिशवीत घरून आणलेले शंभर रुपये होते. टॅक्सीत बसले आणि टॅक्सीवाल्याला म्हटलं, "नेहरू... वरळीचं नेहरू." त्याने चौपाटी, पेडर रोड, हाजी अली करत मला नेलं आणि उतरवलं ते नेहरू तारांगणासमोर! एक गोल घुमट, सकाळचं काहीच ओळखीचं नाही. मला वाटलं डोकं फिरलं. तिथल्या रखवालदाराने समजावून सांगितलं की बाई, तारांगण वेगळं, विज्ञान केंद्र वेगळं, ते डॉ. मोझेस रोडला. टॅक्सी सोडून दिलेली. दुसरी मिळेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मनात तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. मराठीची शिक्षिका ना! एक वाक्य पुरं होत नव्हतं.

मंदा बागेतच होती. तिथे एकमेकींकडे तोंड करून दोन मोठ्या ताटल्या उभ्या केलेल्या होत्या, माणसापेक्षा उंच, मध्ये बरंच अंतर. एकीपाशी ठरावीक जागी तोंड नेऊन हळू बोललं की दुसरीपाशी कान लावणाऱ्याला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. आवाज ताटलीवर आपटून पसरत नाही, सरळ समोर जातो आणि पलीकडची ताटली तो पुन्हा एका ठिकाणी गोळा करते. मंदा तिथे ताटलीला चिकटून उभी. शेजारी रखवालदार. त्याने तिला चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, "पोरी, होतीस तिथेच थांब, तुझ्या बाई येतील."

मला बघून ती धावत आली. रडत नव्हती. तोंड नुसतं फुललेलं. म्हणाली, "बाई, पलीकडं एक मुंबईनी पोर व्हती. ती बोलनी, व्हॉट इज युवर नेम. मी सांगं, माय नेम इज मंदा. तिले समजनं, बाई!"

पाचवीपासून घोकलेलं ते वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या माणसाला म्हटलं होतं आणि ते पलीकडे पोचलं होतं.

मी तिच्या थोबाडीत मारली. रखवालदारासमोर. मग तिला पोटाशी धरलं, पण ते नंतर.

परत मत्स्यालयापाशी पोचलो तोवर पाच वाजत आले होते. मुलं पाहून बाहेर आली होती आणि कट्ट्यावर बसून केळी खात होती. कासव एवढं होतं, मासे असे होते, हात पसरून पसरून एकमेकांना सांगत होती. अंधार पडायच्या आत निघायचं होतं, दोघींसाठी गाडी पुन्हा थांबवा म्हणायला मला तोंड नव्हतं. मंदा समुद्राकडे बघत उभी राहिली. काही विचारलं नाही तिनं.

इथवर झालं ते झालं. चूक कोणाकडूनही होते. पण खरी गोष्ट पुढची आहे.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. तिचं काय काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मुलगी मुंबईत दोन तास एकटी होती म्हटल्यावर माणसं काय बोलतात ते मी लिहीत नाही. हेडसरांनी लेखी खुलासा मागितला. मी रात्री कंदील घेऊन बसले, लाइट गेलेली होती. आणि लिहिलं, "सदर विद्यार्थिनी वारंवार सूचना देऊनही समूहापासून विलग झाली." अक्षर माझं चांगलं आहे. खाडाखोड एकही नाही. मी उशिरा आले, मी मोजल्या नाहीत, यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. विज्ञानाच्या सरांना माहीत होतं. ते बोलले नाहीत, कारण गाडी त्यांच्याच सांगण्यावरून निघाली होती. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं म्हणा.

तो खुलासा शाळा समितीपुढे वाचून दाखवला. मंदाच्या वडिलांना बोलावलं होतं. सालदारकी करणारा माणूस, खुर्ची दिली तरी बसला नाही. सगळं ऐकून माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "बाई, पोर चुकनी. माफी करा." मी मान हलवली.

ठराव झाला, यापुढे मुलींची मुक्कामी सहल नाही. मुलगे जात राहिले. मुंबई झाली, पुढे एकदा हैदराबादही झालं. मुलींना सकाळी नेऊन संध्याकाळी आणायचं. कधी पद्मालय, कधी उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, कधी चाळीसगावजवळचं पाटणादेवी. अकरा वर्षं. त्या सगळ्या सहलींना बाई म्हणून मीच असायची, आणि मी इतकी मोजायची की मुली मला चिडवायच्या. चढताना, उतरताना, जेवताना, देवळात जाताना आणि बाहेर येताना. पाटणादेवीला नेलं की सांगायची, इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८-२९ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी १२०७ च्या आसपासचा शिलालेख पाटणला मिळाला, तो भाऊ दाजींनी जगापुढे आणला. लीलावतीचं गणित आपल्या या मातीशी जोडलेलं आहे. मुली ऐकायच्या. मग एखादी विचारायचीच, "बाई, आपण मुंबईले कवय जाऊत?"

मी प्रत्येक वेळी म्हणायची, समिती नाही म्हणते.

१९९८ साली नवे हेडसर आले, दोन नव्या बाई आल्या, ठराव मोडला आणि मुली मुंबईला गेल्या. मला विचारलं होतं. मी नाव दिलं नाही. पुढे निवृत्त झाले, जळगावला आलो. २०१५ साली मत्स्यालय नव्याने सजवून उघडलं, आत माशांच्या खालून चालत जायचा काचेसारखा बोगदा केलाय असं पेपरात आलं. मुलगा म्हणाला, "आई, चल दाखवतो." मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. २०२० साली करोनात ते बंद झालं, आणि माझं बघायचं राहिलं ते राहिलंच.

मंदा दहावीपर्यंत शिकली. पास झाली की नाही ते आठवत नाही असं लिहिणार होते, पण आठवतं. गणितात गेली, मग लग्न झालं. खुलाशामुळे शिक्षण थांबलं असं म्हणता येणार नाही, तिच्या दोन्ही बहिणींचंही तसंच झालं. पण नववीत आणि दहावीत तिला वर्गात "मुंबई" म्हणून हाक मारायचे, आणि ते मी ऐकलेलं आहे.

ती मला एकदाच भेटली. २०१६ च्या दिवाळीआधी, फुले मार्केटमध्ये, रांगोळीच्या गाड्यापाशी. मी ओळखलं नाही. तिनंच "बाई!" म्हणून हाक मारली आणि तिथेच वाकून नमस्कार केला. भरली होती, केस पिकायला लागलेले, सोबत सून. सुनेला म्हणाली, "ह्याच आमच्या बाई, मुंबईले नेलं होतं ना, त्या." जणू मी तिला विमानाने नेलं होतं! मग त्या ताटल्यांची गोष्ट सुनेला सांगितली, व्हॉट इज युवर नेमसकट. थोबाडीतली सांगितली नाही.

सून पुढच्या दुकानात गेली तशी मंदा माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुम्ही मोजलं नव्हतं ना तवा?"

मी म्हटलं, "नव्हतं."

"माले माहीत व्हतं. गाडीमधल्या पोरींनी तवाच सांगितलं, बाई मागून आल्या आणि न मोजता पूर्ण म्हणल्या."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"तुमची नोकरी गेली असती," ती म्हणाली. अगदी सहज. तिला हे तेव्हा, चौदाव्या वर्षी, कळलं होतं. त्या सतराजणींनाही कळलं असणार, कारण गावात एकीनंही तोंड उघडलं नाही.

मला काही बोलता येईना. मी म्हटलं, "मंदा, मी चुकीचं लिहिलं." ती म्हणाली, "जाऊ द्या वं बाई," आणि रांगोळीवाल्याकडून निळ्या रंगाची पुडी घेतली, सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी थोडी हुज्जत घातली. मग पिशवीत पुडी टाकता टाकता विचारलं,

"पण मासे पाहिले का हो तुम्ही, नंतर कधी?"

"नाही गं."

"मीबी नई," ती म्हणाली, आणि सुनेला हाका मारत गर्दीत गेली.